वजाबाकीतून सापडलेला विषाणू

मर्केल पेशींचा कर्करोग हा त्वचेचा दुर्मीळ पण घातक रोग. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाने अशा गाठींतील आरएनएचे तुकडे वाचले व त्यांतून माणसाचे तुकडे वजा केले. उरलेल्यांत एक नव्याच विषाणूचा निघाला! २००८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. १० पैकी ८ गाठींत तो विषाणू होता.

पण तो निरोगी त्वचेवरही आढळतो. मग दोषी कशावरून? विषाणूचा डीएनए गुणसूत्रात कुठेही घुसू शकतो. एका रुग्णाच्या मूळ गाठीत आणि शरीरात पसरलेल्या गाठीत मात्र तो एकाच जागी होता. म्हणजे आधी एका पेशीत विषाणू शिरला, मग तिची गाठ झाली.

'सोबत असणे' आणि 'कारण असणे' यांतला फरक वर्गात समजावताना हे उदाहरण जरूर घ्यावे.