पोटातली हवा, चाकातली हवा

रात्री नांदुरा-मलकापूर रस्त्यावरच्या एखाद्या ढाब्यावर तुम्ही थांबला असाल, तर एक आवाज ओळखीचा असेल. ट्रकचा क्लीनर खाली उतरतो, हातात लोखंडी टॉमी घेतो आणि गाडीभोवती फिरत एकेका टायरवर ठोका देतो. टणक आवाज आला की पुढचे चाक. एखादा टायर मात्र भद्द बोलतो. मागच्या जोडचाकांतला आतला टायर बसला, तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. बाहेरचा टायर गाडी तोलून धरतो. पण दोघांचे ओझे एकट्याने वाहताना तो तापत जातो आणि कधी फुटेल याचा नेम राहत नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त ड्रायव्हरकाका राहत. कापसाच्या गाठी घेऊन खामगावहून सुरतेच्या कित्येक फेऱ्या त्यांनी केलेल्या. आडरस्त्यात हवा कमी झाली तर काय करता, असे मी विचारले तेव्हा ते हसले. "भाऊ, गाडीच्या पोटातच हवा हाये ना! मंग घाबराचं कायले?"

ही पोटातली हवा म्हणजे ब्रेकची हवा. मोठ्या ट्रकचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने 1869 साली आगगाडीसाठी शोधलेली ही युक्ती पुढे रस्त्यावर आली. इंजिनावर चालणारा छोटा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. गाडीगाडीगणिक थोडा फरक धरून टाकीत साधारण 100 ते 120 पौंड हवा असते, आणि लोडच्या टायरलाही जवळपास तेवढीच लागते. कित्येक गाड्यांत दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हवरच हवेचा पाइप लावायला तोंड दिलेले असते. एक टोक तिथे, दुसरे टायरच्या व्हॉल्व्हला, की झाले.

इतके सोपे मात्र नाही. टाकी भरली की व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरची हवा बाहेर सोडून देतो, म्हणजे त्या वेळी टायरला काहीच मिळत नाही. म्हणून जाणता ड्रायव्हर आधी चार-सहा वेळा ब्रेक दाबून टाकीचा काटा खाली आणतो. मग कॉम्प्रेसर पुन्हा कामाला लागतो. पण तो पंक्चरवाल्याच्या यंत्रासारखा दणकट नाही. दोन चहा होतील एवढा वेळ इंजिन चालू ठेवून थांबावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याकडे 'डक' नावाचा जमिनीवर आणि पाण्यात चालणारा ट्रक होता. त्याचा ड्रायव्हर जागेवर बसूनच टायरची हवा कमी-जास्त करी. आपल्या क्लीनरला मात्र अजून उकिडवेच बसावे लागते!

जुन्या रस्त्याला या उसन्या हवेची गरज तशी कमी पडे. सहा नंबरचा हमरस्ता, ज्याला आता त्रेपन्न नंबर आहे, तो गावांना धरून जातो आणि गाव आले की पंक्चरवाला आलाच. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि आपल्या जिल्ह्यात मेहकर, सिंदखेड राजाकडून एक वेगळाच रस्ता धावू लागला. सरळ, वेगवान, दोन्ही बाजूंना कुंपण. पंक्चरवाल्याने टपरी टाकावी तरी कुठे? उन्हाळ्यात तापलेले काँक्रीट, थांबा न घेता तासन् तास धावणारी चाके, आणि हवा कमी असलेला टायर. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून 25 जण गेले, तेव्हाही पहिल्यांदा टायर फुटल्याचेच बोलले गेले. परिवहन विभागाच्या अहवालात तसा पुरावा आढळला नाही. पण टायरची भीती लोकांच्या मनात बसली ती बसलीच, आणि ती अनाठायी आहे असे मला वाटत नाही.

म्हणूनच काकांचा धीर मला आवडतो, त्यांची सावधगिरी मात्र त्याहून अधिक. थोडी उतरलेली हवा ते पोटातून भरत. पार बसलेल्या अवस्थेत लोड घेऊन धावलेल्या टायरला ते पाइप लावतच नसत. अशा टायरच्या आतल्या तारा तुटलेल्या असतात आणि हवा भरताना बगल फाटते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत तर ठरल्या दाबाच्या ऐंशी टक्के किंवा त्याहून कमी हवेवर धावलेला टायर आधी उतरवून तपासावा, असे स्पष्ट सांगितले आहे. रिंगच्या चाकात आणखी एक धोका, रिंग नीट बसली नसेल तर ती गोळीसारखी उडते. काका लांब पाइप ठेवत आणि चाकासमोर न बसता मागच्या बाजूला, टायरच्या रेषेत उभे राहत.

आणखी एक. ज्या गाडीत टायरची हवा थेट टाकीतून जाते, तिथे चाक भरते तसा ब्रेक रिकामा होत जातो. त्यामुळे काका आधी चाकांना दगड लावत. पाइप काढल्यावर इंजिन चालू ठेवून काट्याकडे पाहत बसत. हवा कमी असल्याचा बझर बंद झाला, काटा पुरता वर आला, की मगच क्लीनरला आवाज जाई, "काढ रे दगड!"