का आणि कसे? : श्वासाचा कासरा

रत्नागिरीच्या कचेरीत आठवडाभर तगाद्यांची उत्तरे लिहून शिणलेला कारकून रविवारी पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात घटकाभर डोळे मिटून बसला, म्हणजे छातीतली धडधड पुष्कळदा मंदावते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने जाणावा, परंतु देहाची यंत्रणा उकलून सांगता येते.

साहेबाची घंटा वाजताच मेंदू, जणू बिबट्याच समोर ठाकला, अशा समजुतीने मूत्रपिंडांवरील ग्रंथींना हुकूम सोडतो, अॅड्रेनलीन रक्तात उतरते आणि हृदय बैलासारखे उधळते. या बैलाचा कासरा म्हणजे मेंदूतून निघून हृदयापर्यंत, आणि पुढे पोटापर्यंतही, गेलेला व्हेगस हा मज्जातंतू: श्वास घेताना तो सैल पडतो, सोडताना आवळला जातो, म्हणून स्वामींनी आचरलेल्या सोहं साधनेप्रमाणे श्वासाकडे अवधान दिले, उच्छ्वास लांबला, की बैल सावकाश चालू लागतो.

हल्ली कार्यालयांतून हेच ‘वेलनेस’ म्हणून शिकवितात. शिकवोत बापडे! मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत कामाची रचना सुधारण्याचाही आग्रह आहे, कारण घंटा अहोरात्र वाजत राहिली, तर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची दुसरी, मंदगती यंत्रणाही जागी राहते, आणि तिला एकट्या श्वासाचा कासरा पुरत नाही.