कापड अस्सल, चित्र मात्र मळकट
व्हिडिओ इंटरनेटसाठी काढताना कारागिरांनी व एडिटिंगवाल्यांनी घ्यावयाची काळजी

माल चांगला असून भागत नाही, तो गिऱ्हाइकाला चांगला दिसावाही लागतो, हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. पूर्वी नमुन्याचा तुकडा टपालाने जात असे. आता दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ जातो आणि तो पाहूनच दर विचारला जातो. म्हणजे व्हिडिओ हाच नमुना झाला.

आमच्या परिचयाच्या एका हिमरू विणकराचा अनुभव येथे देत आहोत. रेशीम आणि सुताचे हे कापड औरंगाबादची (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) जुनी ओळख. आखाती देशातील एका गिऱ्हाइकाने शालींचा व्हिडिओ मागवला. चित्रण नीट झाले होते. एडिटिंगच्या दुकानातील संगणकावर बुटी न् बुटी दिसत होती. पण गिऱ्हाइकाच्या फोनवर बुट्या एकमेकींत मिसळल्या, रंगाचे चौकोनी डाग पडले. "हे विणलेले आहे की छापलेले?" अशी विचारणा आली आणि ऑर्डर अडकली. ऑर्डर अडकली की माग थांबतो आणि माग थांबला की मागावर बसणाऱ्याची मजुरीही थांबते.

आम्ही चौकशी केली. दुकानदाराने फाईल लवकर जावी म्हणून ती अगदी लहान करून काढली होती. ती व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली, तेथे ती पुन्हा दाबली गेली. विणकराने तीच उतरवून यूट्यूबवर चढवली, तेथे तिसऱ्यांदा दाबली गेली. गिऱ्हाइकाला मिळाली ती तिसऱ्या हाताची नक्कल.

नकलेवरून नक्कल नको

कॅसेटच्या काळातील लोकांना हे लगेच कळेल. कॅसेटवरून कॅसेट भरली की चित्र फिके पडे, तिच्यावरून आणखी भरली की अधिकच. मालेगावात शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' काढला, तेव्हा तुटपुंज्या साधनांत व्हिडिओवर काम करणाऱ्यांना ही अडचण ठाऊकच होती. आता कॅसेट गेली, पण तोटा गेला नाही. फाईलची जशीच्या तशी प्रत काढली तर काही बिघडत नाही. मात्र ती पुन्हा दाबली की बारकावा जातो आणि गेलेला बारकावा परत येत नाही.

म्हणून पहिला नियम असा की, एडिटिंग संपल्यावर उत्तम दर्जाची एक मूळ फाईल काढून जपून ठेवावी. यूट्यूबसाठी, स्वतःच्या वेबसाइटसाठी, फोनसाठी जी प्रत लागेल ती दर वेळी या मूळ फाईलवरूनच काढावी.

मापे कोणती ठेवावीत?

इंटरनेटसाठी एमपी४ फाईल, चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी, हा मेळ जवळजवळ प्रत्येक फोनवर चालतो. एच.२६५ ने फाईल लहान होते, पण ती सगळीकडे उघडेलच असे नाही. गिऱ्हाइकाला फाईल उघडलीच नाही तर वाचवलेली जागा काय कामाची?

दर सेकंदाला किती माहिती खर्ची घालायची, ते बिटरेटवर ठरते. सेकंदाला २५ किंवा ३० चित्रे असलेल्या १०८० मापाच्या व्हिडिओसाठी ८ मेगाबिट, तर ७२० मापासाठी ५ मेगाबिट, अशी यूट्यूबची शिफारस आहे. हिशेब सोपा आहे. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. तीन मिनिटांची फाईल सुमारे १८० मेगाबाइट होईल, आवाजाचे थोडे वेगळे. तीच २ मेगाबिटने काढली तर ४५ मेगाबाइट. बोलणाऱ्या माणसाचे चित्र २ मेगाबिटमध्ये निभावून जाईल. जरीची चमक आणि हलते कापड निभावणार नाही. दाबताना सर्वांत आधी बळी जातो तो बारीक नक्षीचा. सबब कॅमेरा स्टँडवर ठेवावा आणि नक्षी जवळून, स्थिर दाखवावी.

चित्रण सेकंदाला २५ चित्रांचे असेल तर फाईलही २५ चीच काढावी. फोनच्या चित्रणात ही संख्या पुष्कळदा कमी-जास्त होते आणि मग ओठ व आवाज यांचा मेळ सुटतो. असे चित्रण एडिटिंगपूर्वी हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून एकसारखे करून घ्यावे. जुन्या टेपवरील चित्रणात कडांना करवतीसारखे दात दिसतात. ते 'डीइंटरलेस' करून घालवावेत.

फाईल स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायची असेल तर 'फास्ट स्टार्ट' किंवा 'वेब ऑप्टिमाइझ्ड' ही खूण अवश्य करावी. तिच्यामुळे फाईलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते. ती शेवटी राहिली तर पुष्कळदा पाहणाऱ्याला ताटकळावे लागते, आणि गिऱ्हाईक ताटकळत बसत नाही.

आवाजाकडे दुर्लक्ष नको

आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा. उगाच चढवू नये, कारण फार मोठा आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणते. फाटलेला आवाज मात्र फाटलेलाच राहतो. मागाच्या खडखडाटाखाली कारागिराचे बोलणे दबत नाही ना, हे साध्या फोनवर ऐकून पाहावे. सिनेमाचे गाणे परवानगीशिवाय घालू नये. हक्कदाराने दावा केला तर व्हिडिओ अडू शकतो.

व्यवहार आधी ठरवा

काम देतानाच बोलून घ्यावे की मूळ फाईल, यूट्यूबची प्रत आणि फोनची प्रत अशा तिन्ही मिळतील. एडिटिंगवाल्या बंधूंनीही त्याची मजुरी मोकळेपणाने सांगावी. फुकट म्हणून घाईत काढलेली फाईल दोघांनाही महाग पडते. व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच असेल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. तशी फाईल न दाबता जाते. २०२२ पासून त्यासाठी २ गिगाबाइटपर्यंत मुभा आहे.

आमच्या विणकराचे नशीब एवढे की, दुकानात मूळ काम शाबूत होते. नवी फाईल काढून डॉक्युमेंट म्हणून पाठवली. बुट्या दिसल्या आणि अडलेले बोलणे पुन्हा सुरू झाले. मूळ काम पुसले गेले असते तर पुन्हा चित्रणाचा खर्च आला असता, आणि तोवर गिऱ्हाईक थांबले असते, याची खात्री कोणी द्यावी?