माजी विद्यार्थिनी संघ : इतिहास आणि प्रयोजन

कन्याशाळेतून शिकून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी शाळेशी व परस्परांशी असलेला अनुबंध टिकविण्यासाठी स्थापन केलेली संस्था म्हणजे माजी विद्यार्थिनी संघ. वरकरणी ती मुलांच्या शाळांतील अशाच संघांसारखी दिसते. तथापि तिच्यापुढील पहिला प्रश्न निराळा आहे. विवाहानंतर स्त्रीचे गाव व आडनाव बदलत असे. महाराष्ट्रात पुष्कळदा पहिले नावही बदलत असे. त्यामुळे शाळेच्या नोंदवहीतील मुलगी आणि पुढील आयुष्यातील स्त्री यांमधील दुवाच तुटे.

कलकत्त्याच्या बेथ्यून शाळेच्या (स्थापना १८४९) कादंबिनी बसू १८७८ मध्ये विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या व १८८३ मध्ये पदवीधर झाल्या. डॉक्टर म्हणून मात्र त्या कादंबिनी गांगुली या नावाने ओळखल्या गेल्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह होऊन आनंदीबाई झाल्या.

संघाची पूर्वपीठिकाही याच पिढीत आढळते. कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले त्याच्या आश्रयाने शिकल्या, तेथेच अध्यापन करू लागल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मिळविण्याकरिता गावोगाव हिंडल्या. १९१८ साली त्या अमेरिकेलाही गेल्या. घटना, सभासद व कार्यकारिणी नसतानाही शिकलेल्या स्त्रीने पुढच्या मुलींच्या शिक्षणाचा भार उचलावा, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आलेले दिसते. पुढील काळातील संघांनी त्याला नियमबद्ध रूप दिले. अनेक संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदविले गेले. गरजू मुलींना शिष्यवृत्ती, ग्रंथालयास साहाय्य, निवृत्त शिक्षिकांचा सत्कार व वार्षिक स्नेहसंमेलन ही त्यांची सर्वपरिचित कार्ये होत.

या कार्यांहून कमी दिसणारे, परंतु अधिक मूलगामी कार्य म्हणजे नामसूची. तीत माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे शेजारी शेजारी नोंदविली गेली, म्हणजे तुटलेला दुवा पुन्हा सांधला जातो. आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ आणि पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ ही आत्मचरित्रे उपलब्ध असल्याने त्यांचा जीवनपट अभ्यासकास ज्ञात आहे. त्यांच्यासमवेत शिकलेल्या बहुसंख्य स्त्रियांनी आत्मचरित्र लिहिले नाही. शिक्षणाने त्यांच्या आयुष्यात काय घडविले, याचा शोध नामसूचीवाचून घेता येत नाही. एकेक पिढी काळाआड जात असताना अशा सूची तयार करणे व जपणे हे या संघांचे निकडीचे प्रयोजन ठरते. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासलेखनाची पुढील वाटचाल बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.