सायकल मिस्त्रीने उभारलेला मोटार कारखाना

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड यांपैकी कोणत्याही गावाच्या बाजारात जा. सायकलचे पंक्चर काढणारा, मोटारसायकलचे इंजिन उघडून बसलेला, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा कारागीर हमखास दिसेल. यांपैकी बरेचसे आपलेच बांधव आहेत. शाळा अर्धवट सुटली, हातात पाना आला आणि उस्तादाच्या हाताखाली हुनर शिकला, अशीच बहुतेकांची कहाणी असते. अशा कारागिराला सांगितले की इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या मोटार कारखान्यांपैकी एक अशाच एका सायकल मिस्त्रीने उभा केला, तर त्याचा चटकन विश्वास बसणार नाही. पण ही गोष्ट खरी आहे आणि तिचा धागा थेट आपल्या दारापर्यंत येतो. वर्षानुवर्षे कलेक्टर कचेरीसमोर उभी राहिलेली पांढरी अ‍ॅम्बेसेडर गाडी त्याच कारखान्याच्या कुळातली होती.

चार पौंडांचे भांडवल

विल्यम मॉरिस यांचा जन्म १८७७ सालचा. शाळा सुटल्यावर ऑक्सफर्ड गावातील एका सायकल दुकानात ते उमेदवार म्हणून लागले. काही महिन्यांनी त्यांनी पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा सोळाव्या वर्षी चार पौंड भांडवलावर त्यांनी आईवडिलांच्या घरीच सायकल दुरुस्तीचे काम सुरू केले. पुढे सायकली जोडून विकणे, मग मोटारसायकल, मग मोटारींचे गॅरेज असा प्रवास झाला.

मध्यंतरी एक मोठा फटका बसला. काही भागीदारांबरोबर सुरू केलेला धंदा १९०४ च्या सुमारास बुडाला. लिलावात मॉरिस यांना स्वतःचीच हत्यारे उसने पैसे आणून विकत घ्यावी लागली. ज्याने भागीदारीत हात पोळून घेतले आहेत, त्याला या प्रसंगाचे दुःख वेगळे सांगायला नको. मात्र हत्यारे परत मिळाल्याबरोबर हा माणूस पुन्हा कामाला लागला.

१९१२ साली त्यांनी स्वतःची मोटार काढायचे ठरविले. गाडी तयार नव्हती, हातात फक्त नकाशे होते. तरीही लंडनच्या मोटार प्रदर्शनात एका विक्रेत्याने त्या नकाशांवर ४०० गाड्यांची मागणी नोंदविली. एका उमरावाने चार हजार पौंड भांडवल घातले. १९१३ मध्ये ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ ही छोटी गाडी रस्त्यावर आली.

सगळे स्वतः बनवायचे नाही

येथे मॉरिस यांनी जे केले ते प्रत्येक लहान कारखानदाराने लक्षात घेण्यासारखे आहे. त्या काळी इतर कारखानदार इंजिनापासून बॉडीपर्यंत जवळजवळ सगळे स्वतः बनवू पाहत. त्यासाठी यंत्रे लागत, यंत्रांसाठी कर्ज लागे. मॉरिस यांनी इंजिन एका कारखान्याकडून, अ‍ॅक्सल दुसऱ्याकडून, बॉडी तिसऱ्याकडून घेतली. स्वतःकडे फक्त जोडणी ठेवली. सायकलच्या दुकानात फ्रेम, चाके, सीट बाहेरून आणून सायकल उभी करायची, हाच तो जुना धडा होता.

यात आणखी एक फायदा होता. सुटे भाग उधारीवर येत आणि विक्रेता तयार गाडी रोख पैसे मोजून नेई. देणे फेडायची वेळ येईपर्यंत पैसे हातात आलेले असत. त्यामुळे थोड्या भांडवलात मोठे काम चालले. ज्याची पैशाची फिरती चांगली, त्याचा धंदा चांगला, हे आपल्या बाजारातील कोणताही जुना व्यापारी सांगेल.

मंदीत भाव उतरविला

पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले. त्यानंतर थोडा काळ गाड्यांना जोरात मागणी होती. पण १९२० अखेर मंदी आली. मॉरिस यांच्या आवारात न विकलेल्या गाड्या उभ्या राहिल्या आणि बँकेचे देणे वाढले. अशा वेळी बहुतेकांचा विचार भाव टिकविण्याकडे असतो. मॉरिस यांनी फेब्रुवारी १९२१ मध्ये आपल्या चार आसनी ‘काउली’ गाडीचा भाव ५२५ पौंडांवरून एकदम ४२५ पौंडांवर आणला. त्यांच्या माणसांनाही हे वेडेपणाचे वाटले. पण आवार रिकामे झाले आणि रोख पैसा हाती आला. विक्री वाढल्यामुळे सुटे भाग मोठ्या संख्येने घेता आले, म्हणून तेही स्वस्त मिळू लागले. मग भाव आणखी उतरविता आले. १९२० मध्ये दोन हजारांहूनही कमी गाड्या काढणाऱ्या या कारखान्याने १९२५ मध्ये पन्नास हजारांवर गाड्या काढल्या.

माल पुरविणारा एखादा कारखाना कमी पडू लागला, तेव्हा मात्र मॉरिस यांनी तो विकत घेतला. १९२३ मध्ये त्यांनी इंजिन पुरविणारा कारखाना असाच घेतला. आधी गिऱ्हाईक व्हायचे, धंदा वाढला की मग मालक व्हायचे, हा त्यांचा क्रम होता.

कराने ठरविला इंजिनाचा आकार

त्या वेळच्या इंग्रजी गाड्यांना ‘सेव्हन’, ‘एट’, ‘टेन’ अशी नावे का होती, हे अनेक जुन्या मिस्त्रींनाही ठाऊक नसेल. १९२१ पासून ब्रिटिश सरकारने मोटारीवर दर हॉर्सपॉवरमागे वर्षाला एक पौंड कर लावला. हा हॉर्सपॉवर इंजिनाच्या खऱ्या ताकदीवरून मोजत नसत. पिस्टनच्या रुंदीचा इंचांतील वर्ग करायचा, त्याला सिलिंडरच्या संख्येने गुणायचे आणि अडीचने भागायचे, असे ते गणित होते. पिस्टन किती लांब धाव घेतो, याचा त्यात हिशेबच नव्हता.

परिणाम असा झाला की अमेरिकेच्या फोर्ड ‘मॉडेल टी’ या रुंद पिस्टनच्या गाडीवर सुमारे २२ पौंड कर बसू लागला. मग ब्रिटिश कारखानदारांनी अरुंद सिलिंडर आणि लांब धाव असलेली लहान इंजिने बनविली. १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी ‘ऑस्टिन सेव्हन’ आणली. तिचे नकाशे स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने काढण्यास मदत केली होती. या गाडीने मध्यमवर्गीय कुटुंबाला साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवरून मोटारीत बसविले. जर्मनीतही परवाना घेऊन ती बनविली गेली आणि पुढे बीएमडब्ल्यू कंपनीचा मोटारींचा धंदा त्याच गाडीपासून सुरू झाला.

पण एका देशाच्या कराने घडविलेली गाडी दुसऱ्या देशात चालेलच असे नाही. हिंदुस्थानातील कच्च्या रस्त्यांवर आणि घाटांत जास्त ताकदीच्या, जमिनीपासून उंच अशा अमेरिकन गाड्या अधिक पसंत केल्या जात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखानाही काढला होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे १९३२ मध्ये रेल्वे खात्याने २७ बसगाड्या घेऊन वाहतूक सुरू केली. सामान्य माणसाचा मोटारीशी संबंध आला तो बसमुळेच, घरची मोटार ही फार दूरची गोष्ट होती.

मागे पडले आणि सावरले

मॉरिस यांच्याही चुका झाल्या. १९३१ मध्ये त्यांनी १०० पौंडांची दोन आसनी ‘मायनर’ गाडी काढली. खर्च वाचविण्यासाठी तिच्यातून बरेच काही काढून टाकलेले होते. तिचा गाजावाजा झाला, पण गिऱ्हाईक दुकानात येऊन थोडे जास्त पैसे देऊन चांगले मॉडेल घेऊन जाई. लोकांना स्वस्त गाडी हवी होती, पण गरिबीची पाटी लावलेली गाडी नको होती. त्यातच १९३२ मध्ये फोर्डने खास ब्रिटिश कराच्या मापात बसणारी ‘मॉडेल वाय’ ही छोटी गाडी आणली आणि मॉरिस यांचे गिऱ्हाईक तिकडे वळू लागले.

मॉरिस यांनी प्रतिस्पर्ध्याची गाडी बारकाईने पाहिली. १९३४ मध्ये त्यांनी ‘मॉरिस एट’ बाजारात आणली. रूप बरेचसे फोर्डसारखे, पण ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक. फोर्डचे ब्रेक अजून सळ्यांवर चालत होते. किंमत ११८ पौंडांपासून सुरू होत होती. त्याच वर्षी कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरची जोडणीही सुरू झाली. चार वर्षांत या गाडीच्या दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. मे १९३९ मध्ये मॉरिस कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. हा टप्पा गाठणारा तो पहिला ब्रिटिश मोटार कारखाना होता.

तो धागा इकडे कसा आला

१९३८ मध्ये निघालेल्या ‘मॉरिस टेन’ या गाडीवरूनच आपल्याकडे ‘हिंदुस्थान टेन’ तयार झाली. बिर्लांनी १९४२ मध्ये स्थापन केलेल्या हिंदुस्थान मोटर्सने आधी गुजरातेत ओखा बंदरावर आणि नंतर बंगालमध्ये उत्तरपाडा येथे मॉरिसच्या गाड्या जोडल्या. त्यानंतर मॉरिस ऑक्सफर्डच्या नव्या पिढ्यांवरून ‘लँडमास्टर’ आणि १९५८ च्या सुमारास ‘अ‍ॅम्बेसेडर’ आली. मजबूत, ऐसपैस, रस्त्याच्या कडेला साध्या हत्यारांनी दुरुस्त होणारी अशी ती गाडी. तिच्यावर कित्येक मिस्त्रींची घरे चालली. परंतु गाडी बाहेरून तशीच राहिली आणि बाजार बदलला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, मागोमाग इतर आल्या आणि मे २०१४ मध्ये अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन थांबले. मॉरिस यांनी दोन वर्षांत प्रतिस्पर्ध्याला उत्तर दिले होते. त्यांच्या कुळातल्या गाडीने मात्र चाळीस वर्षे उत्तर शोधलेच नाही, कारण परवान्याच्या राज्यात तिला विचारणाराच कोणी नव्हता.

महाराष्ट्रातही एका हुनरी माणसाने हा प्रयत्न केला होता. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनविली आणि १९७५ पर्यंत तिची नवनवी मॉडेल काढली. सुमारे बारा हजार रुपयांत सामान्य कुटुंबाला ती द्यावी, असे त्यांचे स्वप्न होते. पण मीरा कारखान्यातून कधीच बाहेर पडू शकली नाही. हुनर ऑक्सफर्डला होते तसे इचलकरंजीलाही होते. ऑक्सफर्डला भांडवल घालणारा उमराव होता, इंजिन उधार देणारा कारखाना होता, नकाशावर मागणी नोंदविणारा विक्रेता होता आणि परवान्यासाठी दार ठोठवावे लागत नव्हते. एकट्या कारागिराच्या हाताने मोटार बनते, मोटारीचा धंदा बनत नाही.

आपला हिशेब

आता आपल्या गॅरेजकडे वळू. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ची अट आली. त्यामुळे नव्या मोटारसायकलींमधून कार्बुरेटर जवळजवळ गेला आणि त्याची जागा सेन्सर व फ्युएल इंजेक्शनने घेतली. विजेवर चालणारी वाहनेही रस्त्यावर आली आहेत. कान लावून इंजिनाचा आवाज ओळखणारा उस्ताद आजही लाख मोलाचा आहे, पण त्याच्या शेजारी दोष तपासणारे स्कॅनर हाताळणारा मुलगा बसला पाहिजे. घरातील एकाला तरी आयटीआयमध्ये किंवा कंपनीच्या प्रशिक्षणाला पाठवा. एकट्याला यंत्र परवडत नसेल तर तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावे. मात्र भागीदारीचे करार तोंडी न ठेवता कागदावर करावेत, स्वतःचीच हत्यारे लिलावात घ्यायची पाळी कोणावर येऊ नये.

सुट्या भागांच्या धंद्याकडेही पाहावे. औरंगाबादजवळ वाळूज येथे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, त्याच्याभोवती लहान-मोठे पुरवठादार उभे राहिले. ते अंतर परभणीहून फार नाही. मॉरिस यांना इंजिन, अ‍ॅक्सल आणि बॉडी देणाऱ्यांची पोटेही मोटारीवरच भरत होती. पूर्ण मोटार बनविणे प्रत्येकाला जमणार नाही. एक भाग उत्तम, मापात आणि वेळेवर बनविणे मात्र लेथ असलेल्या कोणत्याही कारागिराला जमू शकते.

चार पौंडांचे भांडवल आणि पाना आपल्याकडेही आहे. मॉरिस यांनी पाना खाली ठेवला नाही, पण त्याच्या जोडीला हिशेबाची वही घेतली. आपल्या गॅरेजमध्ये आज नेमकी तीच कमी आहे.