गोव्याच्या कॅसिनोत ‘थोडंसंच’ खेळलं तर काय बिघडतं? छोट्या डावाचा खरा हिशोब

९ जून २०२५ पासून सोलापूरच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झाले. पूर्वी रात्रभर गाडीत बसावे लागायचे, आता सुमारे तासाभरात गोवा. चांगली सोय झाली. कुटुंबाला घेऊन समुद्र बघायला जावे, कामधंद्यासाठी जावे, त्यात वाईट काही नाही. पण आपल्या मोहल्ल्यांतल्या तरुण पोरांच्या गोव्याच्या बेतात हल्ली ‘एक रात्र कॅसिनो’ हेही असते. विचारले तर उत्तर ठरलेले, “आम्ही काय जुगारी आहोत का? पाचशे-पाचशेचे डाव लावायचे, थोडी मजा करायची आणि यायचं. सिनेमाला गेलो तरी पैसे जातातच की!”

हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा. हराम-हलालचा प्रश्न पुढे घेऊच. आधी निव्वळ पैशांचा हिशोब करू. “मौलाना तर नाहीच म्हणणार” असे म्हणून जे कान झाकून घेतात, त्यांनी निदान हा हिशोब तरी बघावा.

कॅसिनो गोव्यातच का?

महाराष्ट्रात कॅसिनो चालत नाहीत. १९७६ साली विधिमंडळाने कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र जुगारबंदीच्या कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरच्या खेळांना आणि १९९६ मध्ये बोटींवर टेबलाच्या खेळांना वाट करून दिली गेली. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या दिव्यांच्या झगमगाटातल्या बोटी त्या याच. लक्षात घ्या, याच गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना या कॅसिनोत खेळायला मनाई केली. स्वतःच्या पोरांना जिथे जाऊ देत नाहीत, तिथे पाहुण्यांना बोलावले जाते!

चक्रात दडलेला शंभराचा फरक

रूलेटचे चक्र घ्या. त्यावर १ ते ३६ आकडे आणि एक शून्य, म्हणजे ३७ घरे असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो लागला, तर ३,५०० रुपये मिळतात आणि आपले १०० परत. आता समजा, तुम्ही सगळ्याच ३७ घरांवर शंभर-शंभर लावले. खिशातून गेले ३,७००, हातात आले ३,६००. कोणताही आकडा येवो, १०० रुपये कॅसिनोचे. यात लबाडी काही नाही, खेळाचा नियमच तसा आहे. शेकडा हा वाटा २.७ होतो. काही चक्रांवर दोन शून्ये असतात, तिथे तो ५.२६ वर जातो.

अंदर-बाहर तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत. ज्या बाजूला पहिले पान पडते ती बाजू किंचित जास्त वेळा जिंकते, साधारण १०० पैकी ५१.५ वेळा. म्हणून बऱ्याच टेबलांवर त्या बाजूला शंभराला नव्वदच देतात. दुसऱ्या बाजूला पूर्ण शंभर मिळतात, पण ती बाजू कमी वेळा जिंकते. कुठेही लावा, शेकडा दोन-तीन रुपये घराचेच. बॅकरॅटमध्ये ‘टाय’वर लावणाऱ्याचे सरासरी शेकडा १४ रुपये जातात. ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येक पान अगदी अचूक खेळणाऱ्याचे नुकसान कमी होते, पण संपत नाही. तिथे खेळणाऱ्याला आधी पान घ्यावे लागते. तो २१ च्या वर गेला की हरला, मग नंतर डीलरही वर गेला तरी उपयोग नाही.

मग ‘छोटा डाव’ स्वस्त का पडत नाही?

शेकडा २.७ म्हणजे फार थोडे वाटते. पण हा वाटा खिशातल्या रकमेवर जात नाही, प्रत्येक डावावर जातो. पाचशे रुपयांचा डाव, तासाला ४० डाव, चार तास. एकूण १६० डाव झाले, म्हणजे तुम्ही ८०,००० रुपये फिरवले! खिशात होते दहाच हजार, पण त्याच चिप्स पुन्हा पुन्हा टेबलावर गेल्या. ८०,००० वर २.७ टक्के म्हणजे सरासरी २,१६० रुपये गेले. दुकानदाराला हे लगेच कळेल. नफा एका गिऱ्हाइकावर नसतो, उलाढालीवर असतो. इथे उलाढाल तुमची आणि नफा दुसऱ्याचा.

हा झाला फक्त खेळाचा भाग. त्यावर कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटी ४० टक्के झाला, त्याआधी तो २८ टक्के होता. हा कर चिप्स विकत घेताना दिलेल्या पैशांवर लागतो, तुम्ही जिंका किंवा हरा. हा पूर्ण बोजा गिऱ्हाइकावर आला, तर दहा हजारांच्या चिप्सना १४,००० रुपये पडतात. म्हणजे खुर्चीवर बसण्याआधीच चार हजार गेले! कॅसिनोच्या प्रवेशावरही हाच दर. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर आहे, आणि आधी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

पॅकेजमध्ये मिळणाऱ्या ‘फुकट’ चिप्सचेही ऐकून ठेवा. त्यातल्या बऱ्याच चिप्स काउंटरवर देऊन रोख मिळत नाही, त्या खेळाव्याच लागतात. फुकट जेवणाचे आणि पेयाचे पैसेही याच टेबलावरून निघतात.

“पण आमचा दोस्त तर जिंकून आला!”

आला असेल. आम्ही ते नाकारत नाही. वर सांगितल्याप्रमाणे लाल-काळ्यावर पाचशेचे १६० डाव खेळणाऱ्या तिघांपैकी साधारण एक जण टेबलावरून फायद्यात उठतो. मात्र कराचे ते चार हजारही भरून काढायचे म्हटले, तर सहांपैकी जेमतेम एक उरतो. आणि चौकात, चहाच्या टपरीवर किस्सा सांगतो तो हाच एक जण. बाकीचे पाच जण गप्प बसतात. ऐकणाऱ्याला वाटते, सगळेच जिंकतात. जिंकलेला पुढच्या वेळी जास्त रक्कम घेऊन जातो, हरलेला गेलेले परत मिळवायला जातो. दोघांचीही वाट त्याच दाराकडे जाते.

सिनेमाच्या तिकिटाशी तुलना इथेच तुटते. तिकिटाची किंमत आधी ठरलेली असते आणि हरलेले तिकीट परत मिळवायला कोणी दुसऱ्या दिवशी कर्ज काढून जात नाही.

दीन काय सांगतो?

कुरआनने जुगाराला ‘मैसिर’ म्हटले आहे. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगारात लोकांना काही फायदेही आहेत हे मान्य करून, त्यांचा गुनाह फायद्यापेक्षा मोठा असल्याचे सांगितले आहे. सूरह माइदाच्या ९० आणि ९१ व्या आयतींत त्यापासून साफ दूर राहण्याचा हुकूम आहे आणि कारणही दिले आहे, यातून आपसात वैर वाढते आणि अल्लाहच्या यादीपासून, नमाजपासून माणूस दूर जातो. यात कुठेही रकमेची मर्यादा नाही. जकातीला निसाब आहे, जुगाराला नाही. पाचशेचा डाव आणि पाच लाखांचा डाव, हुकूम एकच. हदीसमध्ये तर नुसते “चल, जुगार खेळू” असे म्हणणाऱ्यालाही सदका द्यायला सांगितले आहे.

काही जण विचारतात, मग भिशीचे काय? साध्या भिशीत प्रत्येकाला आपण भरलेली रक्कम आपल्या पाळीला पूर्ण मिळते. जुगारात एकाचे गेल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. फरक हा आहे.

घरात बोला, वेळेत बोला

आपल्या सोलापुरात कितीतरी घरांत अम्मी विड्या वळते, अब्बा टॉवेल-चादरीच्या कारखान्यात राबतात, बचत गटाचा हप्ता दर आठवड्याला दारात उभा असतो. एका रात्रीचे चौदा हजार म्हणजे अशा घरातली कित्येक दिवसांची मजुरी आहे. ती मजुरी कोणाची, हे पोराला टेबलावर बसल्यावर आठवत नाही. ते निघण्याआधीच घरात बोलले गेले पाहिजे, ओरडून नव्हे, हिशोब मांडून.

मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांनाही हेच लागू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे कोणी अशा खेळात अडकला असेल, तर भीतीने लपवू नये. ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. कर्ज झाले असेल तर घरातल्या एका मोठ्या माणसाला खरा आकडा सांगावा. नवे कर्ज काढून जुने फेडू नये. तौबेचे दार उघडे आहे, आणि कर्ज फेडणे हाही त्या तौबेचाच भाग आहे.

गोव्याला जरूर जा. समुद्र फुकट आहे. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या कमाईत बरकत देवो.