वेचू नका, रेखाटा



गौतमपुरा हे इंदूर जिल्ह्यातील एक लहान गाव. थोरल्या मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून त्यास हे नाव पडले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी येथील तुर्रा आणि शेजारच्या रुणजीचा कलंगी हे दोन पक्ष दारू ठासलेली हिंगोटाची फळे एकमेकांवर फेकतात. बाहेरच्या जगाला या गावाची ओळख बहुधा तेवढीच. परंतु ज्या चंबळेच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे, तेथील मानवी वस्ती होळकरशाहीहून कितीतरी जुनी आहे. याच नदीच्या काठी नागदा येथे १९५५ ते १९५७ या काळात उत्खनन झाले, आणि तांबे व दगड ही दोन्ही वापरणाऱ्या लोकांची वस्ती उजेडात आली. असा वारसा पायांखाली असताना शाळेने काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. एका सहलीनंतर एक विद्यार्थी दप्तर भरून जुनी खापरे घेऊन वर्गात आला. मी त्याची पाठ थोपटली आणि ती खापरे कपाटात मांडून ठेविली. पुढे एका जाणकाराने ती पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, ‘ही नेमकी कोठे पडली होती?’ नदीकाठी, एवढेच मुलाला आठवत होते. ती खापरे आता काहीच सांगू शकत नव्हती, आणि त्यांची वाचा माझ्या शाबासकीनेच गेली होती.

याचे कारण असे की, खापराचे मोल त्याच्या मातीइतकेच त्याच्या जागेत असते. उज्जैनजवळच्या कायथा येथे एकावर एक चढलेल्या थरांत तीन ताम्रपाषाणयुगीन संस्कृती सापडल्या: सर्वांत खाली कायथा संस्कृती, तिच्यावर आहाड आणि तिच्यावर माळवा. कोणती आधीची आणि कोणती नंतरची, हे खापरांवरून कळले. पण ती आपापल्या थरांत होती म्हणूनच कळले. जमिनीवर उघडे पडलेले खापरदेखील वस्ती कोठवर पसरली होती याची खूण असते. ते उचलले की खूण पुसली.

मग मुलांनी हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. माळव्यातील एका मराठी माणसाचे कार्य येथे मार्गदर्शक आहे. विष्णु श्रीधर वाकणकर यांचा जन्म १९१९ साली नीमच येथे झाला. ते मुळात चित्रकार. उज्जैनच्या भारती कला भवनात ते चित्रकला शिकवीत. १९५७ साली आगगाडीतून जाताना भोपाळजवळच्या डोंगरातील खडकांचे आकार त्यांच्या नजरेत भरले. ते तेथे गेले, आणि भीमबेटका येथील चित्रांकित शैलाश्रय जगापुढे आले. २००३ साली युनेस्कोने त्यांची जागतिक वारशात गणना केली. खडकावरील चित्र उचलून आणता येत नाही. त्याच्यासमोर बसून त्याची नक्कलच करावी लागते. वाकणकरांनी जन्मभर हे काम केले, आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही रानोमाळ सोबत नेले. कायथाची प्राचीन वस्तीही त्यांनीच शोधून काढली.

हीच रीत खापरांनाही लावता येते. खापर आहे तेथेच राहू द्यावे. शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचे चित्र काढावे. ओळखीच्या झाडापासून वा विहिरीपासून ते कोणत्या दिशेला, किती पावलांवर आहे, हे लिहावे. तुकडा मडक्याच्या काठाचा असेल तर एक गंमत करता येते. जाड कागदावर कंपासाने एकाच केंद्राभोवती लहानमोठी वर्तुळे काढावी आणि काठाचा बाक कोणत्या वर्तुळाशी जुळतो ते पाहावे. त्या वर्तुळाचा व्यास हाच मडक्याच्या तोंडाचा व्यास. चार बोटांच्या तुकड्यावरून अख्ख्या मडक्याचे तोंड कागदावर उतरले की, जे मूल भूमितीच्या तासाला पेंगते तेच ताठ बसते.

नक्षीचेही तसेच. नर्मदाकाठी महेश्वरसमोर नवदाटोली येथे डॉ. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथे माळवा संस्कृतीची, तांबूस अंगावर काळ्या रेघांनी त्रिकोण, चौकटी आणि प्राणी रंगविलेली भांडी विपुल मिळाली. आमच्या भागातील मुली दिवाळीला गेरू आणि खडूने अंगणात मांडणे काढतात. त्यांचा हात अशा रेघांवर सहज बसतो. त्यांनी जुनी नक्षी कागदावर उतरवावी, गावच्या कुंभारदादाकडून नवी मडकी घेऊन त्यांवर ती रंगवावी, आणि मडके घडते कसे हेही त्याच्याकडूनच शिकावे. या कामात त्याच्यासारखा गुरू नाही.

मोठ्यांचेही साहाय्य हवे. शेताची, ओढ्याची, टेकाडाची जुनी नावे वृद्धांना ठाऊक असतात. ती मुलांनी नकाशावर लिहावी. शेतकऱ्याची अनुमती घेतल्यावाचून शेतात पाऊल टाकू नये. आणि कुदळ तर मुळीच नेऊ नये; खोदणे हे शासनाच्या परवानगीने तज्ज्ञांनी करावयाचे काम आहे. आपण नोंदवहीची प्रत पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी.

अखेर हा खटाटोप कशासाठी? मराठी मुलखात जुन्या वस्तीच्या टेकाडाला ‘पांढरी’ म्हणतात. तिची राखट माती पिकाला मानवते, म्हणून ती गाड्या भरभरून नेली जाते. जी उरते ती ट्रॅक्टर सपाट करतो. यात शेतकऱ्याचा दोष नाही. आपल्या बांधावर काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मुलांची चित्रे आणि मडकी वर्षातून एकदा गावात मांडावी आणि शेतकऱ्याला अगत्याने बोलवावे. आपल्याच शेताचे चित्र त्याने तेथे पाहिले, तर टेकाडाला हात लावण्यापूर्वी तो शाळेत निरोप धाडील, अशी मला आशा वाटते.

माझ्या कपाटातली ती खापरे अजून तेथेच आहेत. पुढच्या सहलीला मात्र मी मुलांना रिकामी पिशवी नेऊ देणार नाही. प्रत्येकाच्या हाती एक वही आणि एक शिसपेन्सिल देईन.